उचमा

आठ जणांनी पाय रोवले, दोर ताणले गेले, आणि देवमासा जागचा हलला नाही. म्हणजे एकदा शेपटीकडून हलला आणि एकदा डोक्याकडून, पण दोन्हीकडून एकदम म्हणून काही उठेना. बेकरीवाला ओढायचा तेव्हा वायरमन दम खात असायचा, आणि वायरमननं जोर लावला की चित्रकलेच्या बाईंना नेमका चष्मा सावरायचा असायचा. छताला टांगलेल्या कप्प्या दोनदा कुरकुरल्या आणि गप्प बसल्या.

"अहो, कोणीतरी आवाज द्या की," दोराच्या टोकाशी उभे असलेले पोस्टमास्तर म्हणाले.

"तुम्हीच द्या ना."

"मी कशाला? मी आपला शेपटीकडचा माणूस."

आवाज कोणी द्यायचा हा प्रश्न या गावात आजवर कधी पडलाच नव्हता. ज्याचा तो आवाज, तो माणूस गेल्या महिन्यात गेला होता, आणि जाताना हे खोलीभर लांबीचं लाकडी धूड वाचनालयाच्या दालनात जमिनीवर तसंच ठेवून गेला होता.

"आधी भाषणं उरकून घेऊ," ग्रंथपाल म्हणाले. "चहा पोटात गेला की हातात जोर येईल. मासा शेवटी."

दोर खाली पडले. भिंतीलगतच्या खोल सोफ्यात रुतून बसलेली धाकटी हे सगळं बघत होती. ती त्या गेलेल्या माणसाची बहीण. चौऱ्याहत्तरावं लागलं तरी गावाच्या लेखी ती धाकटीच राहिली होती. तिच्या वयाची माणसं तिला नुसती धाकटी म्हणत आणि बाकीचे धाकटी मावशी. शेजारी तिची लेक बसली होती. तिनं आईच्या हातात चहाचा कप दिला आणि आईनं तो न पिता गुडघ्यावर धरून ठेवला.

गेलेल्या माणसाला गाव गलबतकाका म्हणायचं. अठराव्या वर्षी हत्यारांची पेटी उचलून तो घराबाहेर पडला होता. आधी जहाजावरचा सुतार झाला, मग एका नाटकघरात शिरला आणि रंगमंचावर फळ्यांचे समुद्र उसळवू लागला, मग कुठल्याशा थंड गावात घड्याळांतल्या नाचणाऱ्या बाहुल्या दुरुस्त करत बसला. पन्नाशीच्या तोंडावर तीच पेटी घेऊन परत आला, आणि गावाला तेव्हापासून शोभाच आली म्हणायची. दवाखान्यातल्या लहान मुलांच्या विभागाला त्यानं दारात दार करून दिलं: मोठ्यांचं मोठं, आणि त्याच्या पोटात मुलांच्या उंचीचं एक छोटं. मुलं आपल्या दारातून आपल्या मानानं आत जायची. रडणं निम्म्यावर आलं असं नर्सबाई सांगायच्या. बस थांब्याच्या बाकाला त्यानं अशा खाचा पाडल्या की वारा सुटला की बाक गुणगुणायचं, आणि बस उशिरा आली तरी लोक तिला फारशा शिव्या घालत नसत. याच वाचनालयाच्या जिन्याचा कठडा म्हणजे एक लांबलचक अजगर होता. त्याची पाठ आता तळहातांनी घासून आरशासारखी झाली होती.

पण गावानं त्याच्याकडून सगळ्यात जास्त वापरलं ते लाकूड नव्हे, एक शब्द. परत आल्यावर पहिल्यांदा जेव्हा चौघांच्या मदतीनं एक तुळई उचलायची वेळ आली, तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "उच... मा!" आणि तुळई पिसासारखी वर गेली. तेव्हापासून गावात कपाट सरकवा, दुकानाचं शटर उघडा, रुग्णाला खाटेवरून स्ट्रेचरवर घ्या, उचमा म्हटल्याशिवाय कोणी जोर लावत नाही. मुलं दप्तर पाठीवर टाकताना उचमा म्हणतात. बाहेरगावी शिकायला गेलेली पोरं वसतिगृहात खाट उचलताना उचमा म्हणून ओरडतात, आणि बाकीचे तोंडाकडे बघतात तेव्हा त्यांना कळतं की हा शब्द जगाला ठाऊक नाही.

शब्द कुठल्या मुलखाचा, यावर मात्र एकमत नव्हतं. पोस्टमास्तरांना त्यानं सांगितलं होतं की ही बेटांवरच्या कोळ्यांची बोली. चित्रकलेच्या बाईंना सांगितलं होतं, याचा अर्थ 'सूर्य उगवला'. बेकरीवाल्याला म्हणाला होता, ही एका बोक्याला घातलेली शिवी आहे, चारचौघांत अर्थ सांगत नाही. आता देवमाशाखाली लावायची पितळी पाटी कोरून तयार होती. वर त्याचं टोपणनाव, खाली उचमा, आणि त्याखाली अर्थासाठी ठेवलेली रिकामी जागा. ग्रंथपालांनी आठवडाभर गाव पालथं घातलं होतं. धाकटीकडेही ते दोनदा येऊन गेले होते.

"मला काय माहीत?" ती म्हणाली होती. "मला त्यानं काही सांगितलं असेल असं वाटतं का तुम्हाला?"

हे ती रागानं म्हणाली नव्हती. ते खरंच होतं, आणि त्याचं तिला वाईट वाटायचं.

दादा घर सोडून गेला तेव्हा ती जेमतेम साडेतीन वर्षांची होती. त्याचा त्या वेळचा चेहरा तिला आठवत नव्हता. तिची सगळ्यात जुनी आठवण भलतीच होती: घरातल्या उंच कपाटाचा माथा. त्यावरची बोटभर धूळ, धुळीत पडलेला एक लाल भोवरा आणि वाळून गेलेली मधमाशी. एवढ्याशा पोरीला कपाटाचा माथा दिसणार कुठून? आई म्हणायची, स्वप्न पडलं असेल तुला. पुढं तिनंही ते मान्य करून टाकलं.

आई आणखी एक गोष्ट सांगायची, हसून हसून. चार वर्षांची होईपर्यंत धाकटीला ल म्हणता यायचा नाही. दुसरं एखादं अक्षर घालून वेळ मारून नेणंही तिला मंजूर नव्हतं. ती ल सरळ गिळूनच टाकायची. लाल म्हणजे नुसता 'आ'. भिंतीवर पाल दिसली की ती 'पा, पा' करून किंचाळायची आणि शेजारीण पाण्याचा पेला घेऊन धावत यायची.

दादा परतला तेव्हा आईवडील दोघंही राहिले नव्हते. दोघांचं दुखणंखुपणं तिनं एकटीनं काढलं होतं. ती दारात उभी होती, दोन लेकरांची आई, ओठांवर इतक्या वर्षांचं साठलेलं. आणि त्यानं पेटी खाली ठेवली, तिच्याकडे टक लावून बघितलं आणि विचारलं, "काय सरकार, ल सापडला का?"

ती आत जाऊन चहा ठेवायला लागली होती.

मग तो तिच्याच परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिला, शेवटपर्यंत. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी यायचा, सलाम ठोकायचा आणि म्हणायचा, "काय हुकूम, सरकार?"

"हुकूम कसला? चहा घे."

दिवसभर शेडमध्ये माणसांचा राबता असायचा. रंधा चालायचा आणि गोष्टी चालायच्या. मांजरांना भिणारा कप्तान, घड्याळवाल्याची तिखट जिभेची विधवा, रंगमंचावरच्या वादळात खरोखर भिजलेला राजा. भांडी घासता घासता ती खिडकीतून सगळं ऐकायची. केवढं जग! ऐकताना तिचे हात थांबायचे, नळ तसाच वाहत राहायचा. त्या जगात सगळे होते. ती कुठंच नव्हती. असणार तरी कशी, असं ती स्वतःलाच समजवायची. ती तर घरी होती.

आणि मग हा देवमासा. म्हातारपणी त्यानं मनावर घेतलं की एक शेवटचं मोठं काम करायचं, आणि गावातल्या प्रत्येक घरात जाऊन एकेक लाकूड मागितलं. बेकरीतली कणीक मळायची फळी, शाळेचं मोडकं बाक, पोस्टाच्या खिडकीची चौकट, कुणाच्या पाळण्याचा दांडा. वर जहाजाच्या डेकची एक फळी आणि नाटकघराच्या जमिनीचा एक तुकडा, त्याच्या पेटीतून आलेले. आज सकाळपासून लोक देवमाशाभोवती फिरत होते, बरगड्यांवर हात ठेवून "हे आमचं, हे आमचं" म्हणत होते, आणि आपलीच फळी अशी वळलेली बघून ती पुन्हा पुन्हा चाचपत होते.

धाकटीकडे मात्र त्यानं काही मागितलं नव्हतं. त्या जुन्या कपाटाचं एक दार तिनं पुसून भिंतीला लावूनही ठेवलं होतं. शेवटी न राहवून तिनंच विचारलं.

"माझ्याकडचं काही नको का?"

"तुझ्याकडचं कधीच घेतलंय," तो रंधा न थांबवता म्हणाला. "तेच घेऊन तर घराबाहेर पडलो."

बोलायला काय जातंय, असं तिला वाटलं. तरी तो गेल्यावर एका दुपारी तिनं एकटीनं इथं येऊन देवमाशाची फळी न् फळी चाचपून बघितली होती. तिच्या घरचं एक लाकूड म्हणून त्यात नव्हतं.

भाषणं सुरू झाली. पोस्टमास्तर लांबले, बेकरीवाला दोन वाक्यांत रडला आणि खाली बसला. मग ग्रंथपालांनी पाहुणीला बोलावलं. ती सकाळच्या गाडीनं आली होती, समुद्रापलीकडून. दादानं जिथं बरीच वर्षं काढली त्या नाटकघराच्या मालकाची मुलगी, आणि आता तिथली मुख्य सुतार. रुंद खांद्यांची, करडे केस बारीक कापलेली बाई. कानावर पेन्सिल खोचलेली होती. ती काढायची राहिली होती की काढायचीच नव्हती, कोण जाणे.

"मंडळी," ती म्हणाली, "मला तुमची भाषा एकाच माणसानं शिकवली. लहानपणी त्याच्या लाकडाच्या भुशात बसून, आणि नंतर फोनवर. तेव्हा काही चुकलं तर त्याच्या नावानं खडे फोडा."

दालनात आधी हशा पिकला आणि मग लोक एकदम सरसावून बसले. कारण 'मंडळी' म्हणताना ती 'मं' त्याच्यासारखाच लांबवत होती. परक्या बाईच्या तोंडून गलबतकाका बोलत होता. बेकरीवाल्याच्या दंडावर काटा उभा राहिला. त्यानं तो चोळून खाली बसवला. या बाईकडे त्याचा आवाजसुद्धा आहे, धाकटीच्या मनात आलं. माझ्याकडे काय आहे?

"एकदा आमचा फिरता रंगमंच खचला," पाहुणी सांगत होती. "खाली एका माणसाचा पाय अडकला. मी तिथंच होते. वीस माणसं धावली, प्रत्येकजण आपापल्या भाषेत ओरडत होता, आपापल्या वेळी उचलत होता. तो खाली वाकला, दोन्ही हात घातले आणि ओरडला, उचमा! कुणाला अर्थ कळला नाही. पण सगळ्यांनी एकदम उचललं. तो माणूस पुढं माझा सासरा झाला. अजून चालतो, आणि नको तिथं नाकही खुपसतो."

लोक हसले.

"तेव्हापासून आमच्या गावात पियानो असो, नांगर असो की आजारी माणूस, उचमा म्हटल्याशिवाय कोणी हात लावत नाही. बंदरातून तो जहाजांवर गेला. आता मी कुठल्या कुठल्या बंदरांत ऐकते. तुमचा शब्द फार फिरलाय."

"आमचा?" पोस्टमास्तर उभेच राहिले. "अहो बाई, शब्द तुमच्याकडचा ना?"

"आमचा? काय डोंबलाचा आमचा!" पाहुणीनं डोळे मोठे केले. "माझ्या बाबांनी विचारलं होतं त्याला, हा शब्द कुणाचा. तो म्हणाला, सरकारचा हुकूम आहे. हुकूम झाला की उचलायचं, मग हातातलं काम राहिलं तरी चालेल. आमच्याकडे सगळ्यांना वाटतं, तुमच्या सरकारनं कायदा करून दिलेला शब्द आहे. नव्या कामगारांना तसंच शिकवतात."

वाचनालयाचं छत उडेल असा हशा झाला.

"आमच्या सरकारला रस्त्यातले खड्डे बुजवता येत नाहीत," वायरमन डोळे पुसत म्हणाला, "शब्द कुठून देणार!"

धाकटी हसली नाही. तिनं कप लेकीच्या हातात दिला. सरकार. तो आणखी कुणाला सरकार म्हणायचा का, हे ती आठवून बघत होती. शेडमध्ये बाया यायच्या, मुली यायच्या, नगराध्यक्षीणबाई यायच्या. नाही. कुणालाच नाही. पण मग हुकूम कसला? चहा घे, जेवायला ये, पावसात भिजू नकोस, यापलीकडे तिनं जन्मात त्याला काय सांगितलं होतं?

"धाकटी मावशी," ग्रंथपाल पुढं आले. "तुम्ही दोन शब्द बोला. मग मासा चढवू."

तिनं नको म्हणून बघितलं, पण सगळे तिच्याकडे वळले होते. लेक उठली आणि तिनं हात पुढं केला. धाकटीनं तो धरून उठायचा प्रयत्न केला. सोफा खोल, गुडघे रुसलेले. ती अर्धी उठली आणि परत आत गेली.

"हात देऊन भागायचं नाही, बये," ती वैतागून म्हणाली आणि तिनं दोन्ही हात वर केले. "उचल मला."

आणि ती तशीच थांबली. हात वर, तोंड अर्धवट उघडं.

"आई? काय झालं? दुखतंय का?"

"थांब जरा."

तिनं ते दोन शब्द पुन्हा म्हटले, ओठांतल्या ओठांत. उचल मला. मग सत्तर वर्षांत केलं नव्हतं ते केलं. पहिला ल गिळला. दुसरा ल गिळला.

तिला कपाट दिसलं. ते स्वप्न नव्हतंच. धूळ होती, लाल भोवरा होता, मधमाशी होती, आणि तिच्या दोन्ही पायांना घोट्यांपाशी कुणीतरी घट्ट धरलं होतं, पडू नये म्हणून. हातातलं काम टाकून आलेलं कुणीतरी. अठरा वर्षांचं.

तेच घेऊन तो घराबाहेर पडला होता. तिनं समोर बघितलं: पाहुणी, वायरमन, दोर, जमिनीवरचा देवमासा. नांगर, पियानो, तो पाय अडकलेला माणूस. कुठल्या कुठल्या बंदरांतली, तिनं कधी न पाहिलेली माणसं इतकी वर्षं घाम गाळत, एका दमात, ती साडेतीन वर्षांची असतानाचा तिचा हट्ट ओरडत होती. तिच्या छातीत मावेना. तिला रडायला येत होतं आणि हसायलाही येत होतं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ती थक्क झाली होती. केवढा लांब गेला दादा, आणि काय घेऊन!

लेकीनं तिला काखेत हात घालून उभं केलं. "आई, बोलवत नसेल तर राहू दे."

"बोलायचं नाहीच आहे मला," धाकटी म्हणाली आणि देवमाशाकडे चालू लागली.

ग्रंथपाल लगबगीनं आडवे आले. "मावशी, एक राहिलंच. ती पाटी. तुम्हाला काही आठवलं का हो, अर्थाचं?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं. मग तिला दादा दिसला, प्रत्येकाला नवी थाप मारून डोळे मिचकावणारा.

"सरकारी शब्द आहे," ती म्हणाली. "अर्थ विचारायचा नसतो."

सगळे हसले. ती मात्र देवमाशाच्या नाकाशी जाऊन उभी राहिली. "धरा दोर. आवाज मी देते."

आठ जण जागेवर गेले. पाहुणीनं कानावरची पेन्सिल खिशात टाकली आणि चित्रकलेच्या बाईंच्या मागं दोर धरला. धाकटीनं दोन्ही हात डोक्याच्याही वर केले, जितके जातील तितके.

"उच... मा!"

आवाज चिरका निघाला, जरा बोबडाही. पण दोर एकदम ताणले गेले आणि देवमासा जमिनीवरून सुटला. तो छातीपर्यंत आला, डोक्यावर गेला, आणि तिनं पुन्हा हुकूम दिला तसा आणखी वर. माणसांच्या उंचीपलीकडे गेल्यावर त्याच्या पोटाशी पंखांसारखे मिटलेले दोन पर आपोआप, सावकाश उघडले. दोर ताणला की ते उघडतील अशी योजना त्यानं करून ठेवली होती आणि कुणाला कळू दिलं नव्हतं. बेकरीची फळी, शाळेचं बाक, पोस्टाची चौकट, जहाजाचा डेक, सगळं मिळून त्यांच्या डोक्यावरून पोहत होतं. पाहुणी दोर धरून, मान वर करून उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

वायरमन शिडीवर चढला, त्यानं शेवटची गाठ मारली आणि पुस्तकांच्या कपाटांकडे वळून बघितलं.

"बाप रे!" तो वरून ओरडला. "कपाटांच्या माथ्यावर काय धूळ आहे इथं! खालून कळतसुद्धा नाही कुणाला."

"मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. तिचे हात अजून वरच होते.